ठसे जुळलेला माणूस

सकाळी सव्वासहा वाजता पाणवठ्याजवळ एक रानरेडा मेलेला आढळला. खांद्याच्या मागे गोळीचे भोक होते आणि मानेच्या पुढे काहीच नव्हते. डोके, शिंगांसकट, कोणीतरी व्यवस्थित कापून नेले होते.

रेडा सापडला वनरक्षकाला. हा माणूस नोकरीला लागल्यापासून त्याच टापूत पायी फिरत होता आणि हा रेडा त्याला रेडकू असल्यापासून ठाऊक होता. तो क्षणभर टोपी काढून उभा राहिला. मग टोपी पुन्हा घालून कामाला लागला, कारण नुकतेच त्याचे प्रशिक्षण झाले होते. शिकारीच्या गुन्ह्यांचा शास्त्रशुद्ध तपास शिकायला खात्याने त्याला शहरात पाठवले होते आणि प्लास्टरची एक पिशवी देऊन परत पाठवले होते. घटनास्थळी दिसेल त्या प्रत्येक ठशाचा साचा घ्यायचा, एकही सोडायचा नाही, असे तिथल्या प्रशिक्षकांनी टेबलावर हात आपटून सांगितले होते.

वनरक्षकाने एकही सोडला नाही. शिकाऱ्याने जाताना फांदीने जमीन झाडून काढली होती, तरी तो निराश झाला नाही. चिखलात बुटांचे काही ठसे अगदी ताजे, खोल आणि स्पष्ट होते. शिवाय एक साचा घेऊन आपण पुढे सरकलो की मागे आणखी ठसे सापडतात, हे पाहून त्याला हुरूप आला. प्लास्टर संपेपर्यंत तो थांबला नाही.

दुपारी पशुवैद्य आले. त्यांनी मेलेल्या जनावराला लांबूनच एक फेरी मारली.

"हा रानरेडा आहे कशावरून?" त्यांनी विचारले.

"डॉक्टर, मी ओळखतो ना याला."

"तुझ्या ओळखीवर अहवाल लिहू? शिंगं दाखव. शिंगांशिवाय मला फक्त मोठं जनावर एवढंच लिहिता येईल."

शिंगे डोक्याबरोबर गेली होती. पशुवैद्यांनी मोठे जनावर एवढेच लिहिले. पोटात हात घालून त्यांनी गोळी बाहेर काढली, पुसली, उन्हात धरून पाहिली. ती गोळी आहे असे म्हणणे हे शस्त्रतज्ज्ञाचे काम असल्याने त्यांनी ते टाळले. मृत्यूचे कारण या रकान्यात त्यांनी नोंदवले: शरीरात धातूचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त.

सगळे साचे प्रयोगशाळेत गेले आणि खात्याच्या इतिहासात प्रथमच तिथून उत्तर आले. ते निःसंदिग्ध होते. सर्व ठसे एकाच माणसाचे असून बूट खात्याच्या पुरवठ्यातला होता. डाव्या टाचेला ठिगळ होते. वनकार्यालयाच्या मुख्य साहेबांनी टेबलाखाली वाकून समोर उभ्या वनरक्षकाच्या पायांकडे पाहिले.

"साहेब, ते माझेच आहेत," वनरक्षक म्हणाला.

साहेबांनी कारकुनाला खूण केली. "कबूल करतो आहे. लिहून घ्या."

"कबूल म्हणजे काय, साहेब! मी साचे घ्यायला गेलो होतो तिथे. चालल्याशिवाय कसे घेणार?"

"घटनास्थळी हजर होतो, असंही म्हणतो आहे. तेही लिहा." साहेबांचा स्वर मऊ झाला. "हे बघ, मला कळतं रे. मी काय तुला आज ओळखतो? पण आजवर आपल्याकडे एकाही शिकारीचा तपास लागला नव्हता. हा पहिलाच लागला आहे. आता मी वर काय कळवू, लागला होता पण आवडला नाही?"

"पण माझ्याकडे बंदूक कुठे आहे? खात्याने मला काठी दिली आहे."

"घराची झडती घेतली. बंदूक नाही सापडली." साहेबांनी उसासा टाकला. "इतक्या सफाईने लपवलेली बंदूक माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिली नाही."

वनरक्षक निलंबित झाला. सुनावणीपर्यंत त्याला अटकेत ठेवायचे ठरले. खात्याकडे कोठडी नव्हती, म्हणून त्याची व्यवस्था मुद्देमालाच्या खोलीत, त्याच्याच साच्यांच्या शेजारी केली गेली. त्या खोलीची किल्ली सांभाळण्याचे काम पूर्वीपासून त्याच्याकडेच होते आणि ते दुसऱ्या कोणाला देण्याचा आदेश निघाला नव्हता. त्यामुळे तो रोज संध्याकाळी स्वतःला आत कोंडून घेई, कुलूप ओढून पाही आणि मगच आडवा होई. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग होता, आणि राहते क्वार्टर तर जाणारच होते.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको कार्यालयात येऊन थडकली. साहेबांनी तिला खुर्ची दिली.

"बसा वहिनी."

"बसायला नाही आले. हे शिकार करतील? अहो, हा माणूस घरात झुरळ दिसलं की पलंगावर चढतो आणि मला हाक मारतो! पाल मारायला मीच, उंदीर मारायला मीच. कोंबडीने नुसतं वळून पाहिलं तरी यांचा चेहरा उतरतो."

कारकुनाने वर पाहिले. "म्हणजे जनावरांविषयी मनात पहिल्यापासून भीती आहे?"

"आहेच मुळी! सगळ्या गल्लीला विचारा."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिले, कारकुनाने साहेबांकडे. प्रकरणात आतापर्यंत हेतू तेवढा मिळत नव्हता. तो मिळाला.

"तू बोललीस कशाला?" रात्रीचा डबा घेताना वनरक्षकाने खिडकीतून विचारले.

"मला वाटलं, खरं सांगितलं की सोडतील."

"खरं तर मीही सांगितलं होतं," वनरक्षक म्हणाला आणि डबा उघडला.

बातमी वर्तमानपत्रात छापून आली. एकाच गोळीत, तेही खांद्यामागे नेमका नेम धरून, रानरेडा पाडणाऱ्या वनरक्षकाचा फोटो तीन रकानी होता. त्याच सकाळी एक मोठी गाडी कार्यालयासमोर करकचून थांबली आणि तिच्यातून भाऊसाहेब उतरले. भाऊसाहेबांचा फर्निचरचा कारखाना होता. स्थानिक वन्यजीव संरक्षण समितीचे ते मानद अध्यक्ष होते. हातात वर्तमानपत्र होते आणि काखेत बंदूक.

"हा काय चावटपणा आहे?" त्यांनी पेपर टेबलावर आपटला. "या काठीवाल्याने मारला? याने? वारा उलटा, उजेड नाही, झाडीतून मारलेली गोळी आहे ती! सहा महिने त्या रेड्याच्या मागे होतो मी. माझी आयुष्यातली सर्वांत सुंदर शिकार तुम्ही याच्या नावावर लावता?"

दाराशी उभा असलेला वनरक्षक आनंदाने पुढे धावला. "साहेब, ऐकलंत ना? ऐकलंत ना?"

साहेब उठून उभे राहिले होते. "भाऊसाहेब, आधी ती बंदूक गाडीत ठेवा. कार्यालयात शस्त्र आणायला मनाई आहे."

"अहो, हीच ती बंदूक!"

"असेल. पण मी ती इथे पाहिली, तर ती इथे कशी आली याची वेगळी चौकशी लागेल."

भाऊसाहेबांनी बंदूक गाडीत ठेवली आणि परत येऊन जबाब देऊ लागले. डोके कुठे आहे, तेही सांगितले: दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर. कारकुनाने पेन उचलले आणि खाली ठेवले. समितीच्या पदाधिकाऱ्याचा जबाब समितीच्या मंजुरीशिवाय नोंदवता येत नव्हता.

समितीची तातडीची बैठक त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात भरली. साहेब आले होते आणि वनरक्षकही आरोपी म्हणून हजर होता. त्याने भिंतीवरच्या डोक्याकडे बोट दाखवले.

"हाच तो, साहेब. डावं शिंग टोकाला तुटलेलं. हाच."

"विषयपत्रिकेवर फक्त जबाबाची मंजुरी आहे," समितीचे सचिव म्हणाले. "भिंतीवरच्या वस्तू पुढच्या बैठकीत."

मग मंजुरीचा विषय आला. भाऊसाहेब खुर्चीतून उठले. ते तत्त्वाचे मोठे पक्के होते. "हा माझ्या स्वतःच्या संबंधातला विषय आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "अशा वेळी अध्यक्षाने मत देणं मला शोभत नाही. मी बाहेर थांबतो." सर्वांचे डोळे पाणावले. अध्यक्ष नसल्याने गणसंख्या अपुरी ठरली. ठराव बारगळला. अध्यक्षांच्या नैतिक भूमिकेबद्दल त्यांचे अभिनंदन करायचे मात्र एकमताने ठरले; त्याला गणसंख्येची अट नव्हती.

"मी केलं ते मी कबूल करतो आहे," बाहेर आल्यावर भाऊसाहेब वनरक्षकाला म्हणाले, "आणि हे लोक मला ते करू देत नाहीत. लाज वाटते मला या व्यवस्थेची."

"मग माझं काय, भाऊसाहेब?"

"तू वर्तमानपत्राला एक खुलासा पाठव. नेम तुझा नव्हता म्हणून."

आता एकच वाट राहिली होती. ना आरोपी, ना समितीचा पदाधिकारी, असा एखादा त्रयस्थ माणूस येऊन खरे काय घडले ते सांगेल, तर वनरक्षक सुटेल, असे साहेबांनी स्वतः नियम चाळून शोधून काढले. त्यांनी तत्परतेने जाहीर सूचनाही काढली. या प्रकरणाची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहावे. माहिती असूनही जो गप्प बसेल, त्याला गुन्ह्यात सामील समजण्यात येईल. येणाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून साहेबांच्या टेबलासमोर एक वेगळी खुर्ची मांडली. वनरक्षकाच्या बायकोने ती ओल्या फडक्याने पुसली.

सुनावणी सोमवारी आहे. खरा प्रकार काय आहे, हे एव्हाना पुष्कळांना कळले आहे. काहींनी तर तो पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, बसल्या जागी, मधूनमधून हसत वाचला आहे. शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा खुर्ची रिकामी होती.