नऊ पॉइंट आठ

पदार्थविज्ञानाच्या सरांनी शेवटचं जर्नल तपासलं आणि टेबलावर डोकं टेकलं. वर्गातल्या एकूण एक मुलाचं उत्तर बरोबर आलं होतं.

प्रयोग साधाच होता. दोऱ्याला टांगलेला लोखंडी गोळा झुलवायचा, झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते ते त्यावरून काढायचं. उत्तर नऊ पॉइंट आठ. ते पुस्तकात असतं आणि मागच्या वर्षीच्या जर्नलातही असतं. त्यामुळे पोरं आधी उत्तर लिहीत आणि मग तिथून उलट्या पावली चालत झोक्यांपर्यंत येत. गोळा बिचारा शोभेपुरता.

वर्षअखेरीस सर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली होती. एखाद्या पोरानं जवळ यावं आणि म्हणावं, ‘सर, माझं वेगळंच येतंय. असं का?’ मग फळा भरेपर्यंत वाद व्हावा, घरी जायचंही भान राहू नये. नोकरी लागली तेव्हा ही संध्याकाळ उद्या-परवा येईल असं त्यांना वाटलं होतं. केस पिकले तरी ती आली नाही, आणि ते तिची वाट बघायचे काही थांबले नाहीत.

बायकोपाशी त्यांनी हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, “अहो, जन्मभर चुकलेल्या उत्तराचे मार्क कापलेत तुम्ही. आता पोरांनी चुकायचं धाडस आणायचं कुठून?”

मार्क विद्यापीठाच्या नियमानं कापावे लागतात, असं सर म्हणाले. मग पोरंही त्याच नियमानं वागतात, असं म्हणून ती भांडी आवरायला निघून गेली.

तेवढ्यात विद्यापीठाचं फर्मान आलं. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांत नवविचार रुजवावा, तो रुजला की नाही हे पाहायला समिती येईल. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, “तेवढं नवविचाराचं बघा. समिती यायच्या आत रुजवून टाका.”

सरांना मात्र ते मनापासून पटलं. त्यांनी गुपचूप प्रत्येक टेबलाखाली, गोळ्याच्या बरोबर खाली, एकेक चुंबक लावला आणि स्वतः मोजून पाहिलं. गोळा घाईघाईनं झुलत होता आणि उत्तर चौदा येत होतं. सर हरखून गेले. आता कोणी ना कोणी विचारणारच.

पोरं आली, मोजून गेली. सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ.

सरांनी हट्टाला पेटून एका टेबलाखाली जुन्या लाउडस्पीकरमधला दणकट चुंबक चिकटवला. तिथला गोळा रुसलेल्या जावयासारखा जागचा हलेना. त्या टेबलावर एका चष्मेवाल्या मुलीची पाळी होती. तिनं गोळा ओढला, सोडला. तो मुकाट्यानं मध्यावर येऊन थांबला. तिनं सरांकडे पाहिलं. मग तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली.

“गोळा हलला का गं?” सरांनी जवळ जाऊन विचारलं.

“नाही, सर.”

“मग उत्तर कसं आलं?”

“सगळ्यांचं तेवढंच आलंय, सर.”

सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी येऊन ते चुंबक काढायला बसले, पण डिंक लावताना त्यांनी हात सैल सोडला होता. चुंबक निघेना, आणि समिती दारात.

अध्यक्षांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा नेमका त्या दणकट चुंबकाच्या टेबलावर ठेवला. निघताना तो उचलला जाईना. त्यांनी जोर लावला. प्राचार्य मदतीला धावले, तर किल्ल्यांऐवजी टेबलच सरकलं. अध्यक्षांनी वाकून खाली पाहिलं आणि हे काय आहे, असं थंडपणे विचारलं.

सरांच्या डोळ्यांसमोर पेन्शन तरळून गेली. पण खोटं सुचेना. “मीच लावलाय,” ते म्हणाले. “मुलांचं उत्तर चुकावं म्हणून.”

प्राचार्यांनी डोळे मिटले.

“म्हणजे नवविचार,” अध्यक्ष म्हणाले.

प्राचार्यांनी डोळे उघडले. “आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे,” ते म्हणाले.

महिन्याभरात सगळ्या महाविद्यालयांना आदेश गेला. टेबलाखाली ठरावीक मापाचा चुंबक लावावा, योग्य उत्तर चौदा, अन्य उत्तरास गुण नाहीत. पाठोपाठ बाजारात गाइड आलं. त्यात ‘चुंबक का लावतात?’ हा प्रश्न होता आणि खाली उत्तर होतं, ‘नवविचारासाठी.’ पोरांनी ते पाठ केलं. सरांचा सत्कार झाला. मनासारखं झालं ना, असं बायकोनं विचारलं, तेव्हा त्यांनी सत्काराचा नारळ तिच्या हातात ठेवला.

शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सर कोणी यायच्या आधी आले आणि सगळे चुंबक पेचकसानं उचकटून त्यांनी कोटाच्या खिशात टाकले. कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आशा फार चिवट असते, माणूस दमतो पण ती दमत नाही.

पोरं आली आणि चौदा लिहून गेली. सर लोखंडी स्टुलावर बसून सह्या करत राहिले. खोली रिकामी झाली. मान वर केली, तर चष्मेवाली समोर उभी, जर्नल छातीशी धरून.

“सर, माझं उत्तर चुकलंय.”

“किती आलं?”

“नऊ पॉइंट आठ. परत परत केलं, तरी तेच.” ती घुटमळली. “चौदा लिहिलं होतं, सर. पण खोडलं. असं का येतंय?”

उत्तर सरांच्या जिभेवर होतं, ते त्यांनी गिळून टाकलं.

“मलाही बघायला हवं,” ते म्हणाले. “दप्तर ठेव. शोधू या.”

ते फळ्याकडे निघाले आणि मागून खरडल्याचा आवाज झाला. खिशातल्या चुंबकांनी स्टूल धरून ठेवलं होतं. सर पुढे, स्टूल मागे, अशी वरात दोन पावलं चालली.

मुलगी चष्मा सावरत स्टुलाकडे बघत राहिली. “सर,” ती म्हणाली, “आणि हे का येतंय?”