साठवाले बाळकाका

बाळकाका कोठारे माणसाचं नाव विचारत नाहीत, जन्माचं दशक विचारतात. आमच्या प्रभादेवीच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवा भाडेकरू सामान चढवत असला, की हे जिन्यात आडवे. "कुठले तुम्ही? सत्तर की ऐंशी?" बिचारा गोंधळून "रत्नागिरी" म्हणतो.

माझं लग्न झालं तेव्हा बायको पाया पडायला वाकली, तर आशीर्वादाआधी तोच प्रश्न. ती नव्वदची निघाली. "सांभाळ रे," मला म्हणाले, "नव्वदवाल्यांना हाक मारून चालत नाही, शेजारच्या खोलीतूनही फोन करावा लागतो." मी ऐंशीचा, आमच्याबद्दलचं त्यांचं मत मी इथे लिहीत नाही. बिल्डिंगचा सेक्रेटरी असल्यामुळे मला ते रोज ऐकावं लागतं. गळक्या पाइपाची तक्रारसुद्धा "साठवाल्यांनी बसवलेला पाइप असा गळला नसता" अशी सुरू होते. डोकं उठतं अगदी.

त्याहून वैताग म्हणजे काका स्वतः साठवाले नाहीतच! जन्म सत्तर सालच्या जानेवारीतला, पहिल्याच आठवड्यातला. हे मी एकदा त्यांना ऐकवलं. "अरे, पण घडलो कधी? एकोणसत्तरात! सगळं काम साठचं, डिलिव्हरी तेवढी सत्तरात झाली," असं ते लिफ्टमध्ये, चार बायकांदेखत म्हणाले.

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आमच्या कंपाउंडात रस्सीखेच होते आणि संघ जन्माच्या दशकाप्रमाणे पडतात. नियम अर्थात काकांचाच. यंदा साठवाल्यांचा संघच उभा राहीना. कुणी वारलं होतं, कुणी मुलाकडे ठाण्याला गेलं होतं, उरलेल्या एकाचे गुडघे बदललेले. मी म्हटलं, "सोपं आहे काका. तुम्ही सत्तरवाल्यांत या. तुमचा हक्काचा संघ."

"सत्तरवाल्यांत? मी?"

"मग एकटे ओढणार काय?"

"ओढीन."

खूप समजावलं. शेवटी चिडून सांगून टाकलं, की साठवाल्यांचा संघ यंदा रद्द. तरी सव्वीसला सकाळी बघतो तर पांढरी हाफपँट घालून, दोरीचं एक टोक हातात घट्ट धरून गृहस्थ हजर. समोर सत्तरवाले पोट धरून हसतायत. माझा पारा चढला. काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "सणाच्या दिवशी कशाला तमाशा करताय?"

त्यांनी दोरी सोडली नाही. तिच्याकडेच बघत म्हणाले, "शरददा गेला ना रे दिवाळीत." शरददा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. "तो आणि त्याच्या टोळीतली ती सगळी पोरं साठची. मी शेंडेफळ. मला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घ्यायचे. आउट झालो तरी धरायचे नाहीत. मी रडायचो. शरददा म्हणायचा, जरा मोठा हो, मग घेतो तुला संघात." दोरीचा एक वेढा त्यांनी मनगटाला घेतला. "आता मी तिकडे गेलो, तर इकडे त्यांचं कुणीच उरत नाही रे."

इतकी वर्षं या माणसावर मी नुसता वैतागत होतो. मी गेलो, माइक घेतला आणि पुकारलं, "साठवाले विरुद्ध सत्तरवाले!"

शिट्टी झाली. सत्तरवाल्यांनी बेतानेच ओढलं, तरी काका पहिल्याच हिसक्याला रेषेपलीकडे जाऊन पालथे पडले. मी धावलो. कोपर खरचटलेलं, चष्मा एका कानावर. मी उठवायला गेलो, तर त्यांनी बसल्या बसल्याच माझा दंड पकडला.

"हरलो ना? साठवाले हरले ना?"

"हो काका, हरलात."

"मग ही हार धरलीस ना रे?" त्यांचा चेहरा फुलून आला होता. "धर हं. नीट धर."