पाचव्या मजल्यावरचं व्हिएतनाम

राजाभाऊंचं आडनाव गुप्ते होतं, पण आजवर त्यांच्या पोटात एकही गोष्ट गुप्त राहिली नव्हती. अजमानच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये नवी गाडी, नवा टीव्ही, नवा दात, काहीही आलं की सहाही मजल्यांना संध्याकाळपर्यंत कळायचं. त्यामुळे २००८ च्या गणपतीत, आरती संपून प्रसादाच्या वाट्या फिरत असतानाच त्यांनी जाहीर केलं, "मार्चमध्ये आम्ही व्हिएतनामला चाललोय!"

खरं तर ही तोफ दुसऱ्या मजल्यावरच्या निनादवर डागलेली होती. निनाद फायनान्स कंपनीत मॅनेजर. तो स्वित्झर्लंडला जाऊन आला होता आणि गेलं वर्षभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला बर्फ दाखवत होता.

"व्हिएतनाम? तिथे काय आहे बघायला?" निनादने विचारलं.

"बघायला जायचंच नाहीये!" राजाभाऊ मोदक हातात धरून म्हणाले. "पहाटे तिथल्या बाजारात जायचं, मासळी पारखायची, आणि मग तिथल्याच बाईकडून स्वयंपाक शिकायचा! मार्केट टूर आणि कुकिंग क्लास! अहो, डोंगरापुढे उभं राहून फोटो कुणीही काढतं. देश कळतो तो त्याच्या कढईतून!"

सुचित्रावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाला एकोणीस वर्षांच्या संसारात चहाचं आधण कुठल्या भांड्यात ठेवतात हे कळलं नव्हतं.

त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत बँक बुडाली आणि तिचे शिंतोडे उडत उडत दुबईपर्यंत आले. राजाभाऊ फॉल्स सीलिंगच्या कंपनीत सेल्स मॅनेजर. टॉवर अर्ध्यावर थांबले, आणि जिथे खरं छतच घातलं जात नाही तिथे खोटं छत लावणार कुठे! मार्च उजाडला तसं एचआरने त्यांना बोलावलं आणि म्हटलं, "राजाभाऊ, लीव्हवर जा. अनपेड. बोलावू परत, इन्शाल्ला."

त्या एका इन्शाल्लावर भार टाकून राजाभाऊ घरी आले आणि व्हिएतनामची तिकिटं रद्द केली.

"सांगून टाका ना लोकांना," सुचित्रावहिनी म्हणाल्या. "मंदी आहे, राहिलं जायचं. त्यात लाजायचं काय?"

"आणि निनादला काय सांगू? त्याचं ऑफिस बघ, माणसाला श्वास घ्यायला फुरसत नाही! रोज सकाळी टाय लावून लिफ्टमध्ये भेटतो. त्याला सांगू, मी घरी बसलोय म्हणून?"

त्यांना झोप लागेना. आणि मग देवच धावून आला. दुबईच्या देरा भागातल्या एका सुपरमार्केटच्या फळ्यावर त्यांना जाहिरात दिसली. लान नावाची एक व्हिएतनामी बाई लोकांना देऱ्याच्या मासळी बाजारात फिरवून स्वतःच्या घरी स्वयंपाक शिकवत होती.

"सुचित्रा! व्हिएतनाम आपल्याकडे आलं!" राजाभाऊ ओरडतच घरात शिरले. "क्लास करायचा, फोटो काढायचे, सांगायचं जाऊन आलो! बाजार तो बाजार! माशाला काय पासपोर्ट असतो?"

"Baba, that's literally lying," चौदा वर्षांची आभा म्हणाली.

"लायिंग नाही, ॲडजस्टमेंट!"

शुक्रवारी सकाळी गुप्ते कुटुंब चार बॅगा घेऊन गाजावाजा करत निघालं. वॉचमन हमदुल्लाने बॅगा टॅक्सीत ठेवल्या आणि "गुप्ता साब, खुदा हाफिज!" म्हणून छातीवर हात ठेवला. निनाद, त्याची बायको विनिता, सगळ्यांनी गॅलरीतून हात हलवले. गुप्ते कुटुंब समुद्राकाठच्या कॉर्निशवर जाऊन बसलं, सँडविच खाल्लं, आणि हमदुल्ला जुम्म्याच्या नमाजाला गेला हे हेरून त्याच चार बॅगा जिन्याने पाच मजले चढवत घरी परतलं. चौथ्या मजल्यावर राजाभाऊंचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता.

मग वनवास सुरू झाला. पडदे ओढलेले, टीव्ही मुका, कुकरला बंदी. शिट्टी झाली तर? खोकला आला की राजाभाऊ उशीत तोंड खुपसायचे. आभा दिवसभर हेडफोन लावून त्यांच्याकडे कीव आल्यासारखी बघायची.

सोमवारी पहाटे तिघं पार्किंगमधून सटकून देऱ्याला पोचली. लानबाई जेमतेम साडेचार फूट उंच, पण आवाज शाळेच्या घंटेसारखा. दुबईत राहून तिला कामापुरतं हिंदी येत होतं, आणि तिचं काम मुख्यतः रागावणं हे होतं.

बाजारात शिरताच राजाभाऊंनी सूत्रं हातात घेतली. "मॅडम, वी आर सीकेपी. फिश इज इन अवर ब्लड." असं म्हणून त्यांनी एक भलामोठा मासा उचलला. तो नुकताच बर्फावर आला होता आणि अजून पुरता मेला नव्हता. त्याने शेपटीचा असा फटका दिला की राजाभाऊंचा चष्मा कोळंबीच्या ढिगात गेला!

"भैया, नो टच!" लानबाई कडाडली. "यू, ओन्ली बॅग पकडो!"

पुढची सगळी मार्केट टूर राजाभाऊंनी पिशव्या धरून केली. सुचित्रावहिनी मात्र रंगात आल्या. त्या माशाचे कल्ले उघडून बघायच्या, लानबाई मान डोलवायची. भाषेचं गाडं अडलं की दोघी सरळ वास घेऊन बोलायच्या.

घरी गेल्यावर लानबाईने आधी तांदळाचा पातळ, पारदर्शक पापड ओला करून त्यात कोळंबी आणि पाला गुंडाळायला शिकवलं. सुचित्रावहिनींच्या गुंडाळ्या दुकानात मांडाव्यात अशा झाल्या. राजाभाऊंचा पापड त्यांच्याच हाताला चिकटला, तो सोडवताना दुसऱ्या हाताला चिकटला, आणि शेवटी हाड मोडल्यावर प्लास्टर घालतात तसे ते दोन्ही हात समोर धरून बसले.

मग आली खरी गोष्ट. साखर करपू न देता काळपट होईपर्यंत जाळायची, त्यात नुओक माम घालायचं आणि मातीच्या भांड्यात मासा मुरवायचा. नुओक माम म्हणजे मिठात महिनोन्महिने कुजत ठेवलेल्या माशांचं पाणी. लानबाईने बाटलीचं झाकण उघडलं आणि आभा गॅलरीत पळाली.

"थोडा! ओन्ली थोडा!" लानबाईने चमचा दाखवत बजावलं. मासा शिजल्यावर मात्र त्याच आभाने दोनदा भात घेतला. निघताना लानबाईने सुचित्रावहिनींच्या हातात त्या पाण्याची एक मोठी बाटली आणि ते मातीचं भांडं प्रेमाने ठेवलं. राजाभाऊंनी तिच्याकडची बांबूची टोकदार टोपी विकत घेतली. "वीस दिरहम! म्हणजे पावणेतीनशे रुपये! पण फोटोत ओरिजिनल वाटलं पाहिजे!"

घरी येऊन फोटो बघितले आणि राजाभाऊंचं धाबं दणाणलं. एका फोटोत मागे मशिदीचा मिनार, दुसऱ्यात पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले अरब आजोबा, तिसऱ्यात मल्याळी कॅलेंडर. एकच फोटो स्वच्छ आला होता, त्यात राजाभाऊ वाकून कोळंबीत चष्मा शोधत होते.

"काही हरकत नाही!" ते म्हणाले. "उद्या आपल्याच किचनमध्ये फोटो काढू. मागे हिरवी चादर लावायची, ते झालं भाताचं शेत! मासा मी स्वतः करणार!"

"तुम्ही?" सुचित्रावहिनी म्हणाल्या.

"फोटोत मी नको का? क्लास कोणी केला?"

मंगळवारी सकाळी अकरा वाजता राजाभाऊ टोपी आणि एप्रन घालून शेगडीसमोर उभे राहिले. आभा कॅमेरा घेऊन तयार. सुचित्रावहिनी तेवढ्यात आंघोळीला गेल्या, तेवढंच निमित्त झालं. साखर जळायला लागली. "बाबा, it's smoking," आभा म्हणाली. राजाभाऊंना वाटलं, विझवायला काहीतरी ओतलं पाहिजे. हाताशी बाटली होती. 'थोडा' हा शब्द धुरात कुठेतरी हरवला. अर्धी बाटली भांड्यात गेली!

आधी भांडं फुसफुसलं, मग एक पिवळट ढग उठला. त्या वासाचं वर्णन करणं कठीण. उन्हाळ्यात एखादं मासळीचं जहाज साखरकारखान्यावर आपटून पेटलं तर तसा काहीसा वास येईल. आभा किंचाळत बेडरूममध्ये पळाली.

खिडकी उघडावी तर घरात माणसं आहेत हे कळणार! राजाभाऊंनी डोळ्यांतलं पाणी पुसत एक्झॉस्ट फॅन लावला, फुल स्पीडवर. आता त्या बिल्डिंगमधल्या सगळ्या किचनचा एक्झॉस्ट एकाच शाफ्टमध्ये उघडत होता. दहा मिनिटांत पाचव्या मजल्यावरचं व्हिएतनाम पहिल्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक स्वयंपाकघरात उतरलं.

जिन्यात धावपळ सुरू झाली. कुणी म्हणालं गॅस लीक, कुणी म्हणालं गटार फुटलं. वासाचा माग काढत घोळका नेमका गुप्त्यांच्या दारात थांबला. हमदुल्लाने दाराला नाक लावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गुप्ता साब का घर चार दिन से बंद है. अंदर कोई मर गया है!"

राजाभाऊंचा मोबाइल वाजला. निनाद! ते बाथरूमच्या दाराशी जाऊन पुटपुटले, "हॅलो?"

"राजाभाऊ, व्हिएतनामलाच आहात ना? अहो, तुमच्या घरातून भयंकर वास येतोय!"

"अच्छा? इथे आम्ही अगदी मजेत..."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. घरातही वाजली आणि फोनमध्येही वाजली.

"राजाभाऊ, बेल कसली तुमच्याकडे?"

"देऊळ! देवळात आलोय! खूप देवळं आहेत इथे!"

"पण ही बेल मी वाजवली!"

"काय योगायोग! निनाद, फ्रिज बंद पडला असेल हो. मासे होते आत. तुम्ही जा, मी आल्यावर बघतो."

"छे छे, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आगीचा बंब आलाय. सगळ्यांना खाली उतरवतायत. दार तोडतायत तुमचं."

राजाभाऊंच्या हातून फोन पडला. दाराबाहेरून जड बुटांचे आवाज आले. "यल्ला, यल्ला!" असा हुकूम ऐकू आला. राजाभाऊ हिरव्या चादरीमागे लपायला निघाले होते, तोच सुचित्रावहिनी ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आल्या. त्यांनी एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा टोपीकडे पाहिलं, आणि शांतपणे जाऊन दार उघडलं.

कुऱ्हाड उगारलेला अधिकारी तसाच थबकला.

"प्लीज कम," वहिनी म्हणाल्या. "नो फायर. ओन्ली हजबंड."

सगळी तपासणी होईपर्यंत गुप्ते कुटुंबालाही खाली जावं लागलं. बिल्डिंगसमोरच्या वाळूच्या मोकळ्या प्लॉटवर सगळे जमले होते. राजाभाऊ एप्रन घालून, टोपी डोळ्यांवर ओढून उतरले. धरणी दुभंगावी आणि आपण टोपीसकट आत जावं, असं त्यांना वाटत होतं. आता निनाद बोलणार! आता वर्षभर लिफ्टमध्ये हेच!

 राजाभाऊंनी टोपीची कड उचलली आणि बघतच राहिले.

समोर निनाद उभा होता. अर्ध्या चड्डीत, विटक्या टी-शर्टात. शेजारी तिसऱ्या मजल्यावरचा आर्किटेक्ट निखिल, लुंगीत, हातात अर्धवट सोललेला लसूण. रोज ब्रीफकेस घेऊन निघणारा सहाव्या मजल्यावरचा मिथुन बनियनवर होता. भर मंगळवारी, साडेअकरा वाजता, बिल्डिंगमधला जवळजवळ प्रत्येक साहेब घरच्या कपड्यांत वाळूत उभा होता!

"निनाद," राजाभाऊ हळूच म्हणाले, "ऑफिस?"

निनादने वर आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जानेवारीपासून घरीच. सकाळी टाय लावून निघतो, कॉर्निशवर चक्कर मारतो, दहाला मागच्या जिन्याने वर. विनिताशिवाय कुणाला माहीत नाही." आणि पुढे म्हणाला, "राजाभाऊ, शुक्रवारी कॉर्निशवर तुम्हाला सँडविच खाताना पाहिलं होतं. म्हटलं, फ्लाइट लेट असेल."

राजाभाऊंनी टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढली. निखिल हातातल्या लसणाकडे बघत होता. मग आभाने सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि मोठ्याने विचारलं, "Wait, so everybody's on leave?"

पहिल्यांदा हसला तो निनाद. मग निखिल, मग मिथुन. हसता हसता मिथुन वाळूत बसलाच. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, आणि विनिता हसता हसता डोळे पुसत होती. कितीतरी महिन्यांत ती बिल्डिंग एवढी मोठ्याने हसली नव्हती.

तेवढ्यात तो अधिकारी खाली आला. त्याच्या हातात ते मातीचं भांडं होतं. हमदुल्लाकडे बघून त्याने हिंदीत विचारलं, "ये किसने बनाया?"

इतक्या लोकांसमोर कुणीतरी आपल्या पाककलेची चौकशी करतंय म्हटल्यावर राजाभाऊंची छाती आपोआप फुगली. टोपी सरळ करून ते दोन पावलं पुढे आले. "मैंने! व्हिएतनामी रेसिपी है! आपको चाहिए?"

अधिकाऱ्याने भांडं त्यांच्या हातात दिलं. मग त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून म्हणाला, "हबीबी, खलास. दोबारा मत बनाना."

पुढच्या मंगळवारी टाय न लावलेले सगळे साहेब पिशव्या घेऊन अजमानच्या मासळी बाजारात सुचित्रावहिनींच्या मागून फिरत होते. मार्केट टूर आणि कुकिंग क्लास, गुरू सुचित्रा गुप्ते, स्थळ पाचवा मजला. निखिलने पहिल्याच दिवशी उत्तम कालवण केलं. निनादच्या भाकऱ्या तर फुगायला लागल्या.

राजाभाऊंनाही क्लासात घेतलंय. फक्त शेगडी पेटली की त्यांनी हॉलमध्ये जाऊन बसायचं असतं.