रिव्हर्सची गरारी

मनोहरभाऊ देशमुखांना कुठंही जायचं असलं की ते आधी परत कसं फिरायचं ते ठरवतात. लग्नाला निघालो की तुम्ही-आम्ही आहेराचं पाकीट खिशात आहे का बघतो. भाऊ मात्र मंगल कार्यालयाला मागचं फाटक आहे का, याची चौकशी करतात. नसलं तर दोन चौक अलीकडे उतरून उन्हातान्हात पायपीट. कारण भाऊंची गाडी पुढं जाते, डावी-उजवी वळते, मनात आलं तर भर रस्त्यात बसकण मारते, पण मागं जात नाही. तिचा रिव्हर्स गिअर मेलेला आहे.

"मांगं जायचं कामच काय मास्तर?" भाऊ मला म्हणतात. "मानसानं पुढं पाह्यलं पायजे."

बोलायला काय जातं! त्यांचं आमचं फाटक लागून, गल्ली अरुंद, आणि सकाळी गाडी सरळ बाहेर काढायची तर संध्याकाळी ती उलटी आत न्यावी लागते. उलटी नेणार कोण? शेजारी. म्हणजे मी.

गाडी विलायती आहे, माझ्या जन्माच्याही आधीची. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं ती हौसेनं बोटीवरून मागवली होती. त्याच्या नातवंडांच्या राज्यात तिच्या टपावर लोणच्याच्या फोडी वाळत पडल्या. भाऊंची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, सरकारी जीपमध्ये धक्के खाण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी फोडींसकट गाडी उचलून अमरावतीला आणली.

तिचे पार्ट आपल्याकडे मिळत नाहीत. म्हणून पंख्याचा पट्टा विहिरीवरच्या मोटरचा आहे, सायलेन्सर कुंपणाच्या तारेनं बांधलाय आणि हॉर्न वरूडच्या एका संत्र्याच्या ट्रकवरून काढलाय. तो वाजला की बडनेरा रोडवरची म्हैसदेखील बाजूला होते, आणि मग एवढ्याशा गाडीकडे पाहून तिला वाईट वाटत असावं. वळायचं असलं की दिव्याच्या सिग्नलऐवजी दारामागून एक पिवळा पत्र्याचा हात बाहेर येतो. उजवा येतो. डावा अडकलाय, म्हणून डावीकडे बसणाऱ्यानं स्वतःचा हात बाहेर काढायचा. तिथंही मीच.

"गाडी त्याईची, कंबर तुमची अन् बाम माहा," असं आमची बायको रोज म्हणते. तिचं चुकत नाही.

खरं दुखणं एका गरारीचं. गरारी म्हणजे गिअरमधलं दातेरी चाक, तळहातावर मावेल एवढं. तिचे दोन दात तुटले तेव्हापासून भाऊ ती रुमालात बांधून खिशात घेऊन फिरतात. मयतीला गेले आणि शेजारी एखादा मेस्त्री बसलेला दिसला, की रुमाल सुटलाच म्हणून समजा. कोणी मान हलवली की रुमालाला पुन्हा गाठ मारायची आणि म्हणायचं, "सबूर. चीज भेटते."

भाऊंचा मुलगा निखिल नेमका इंग्लंडात इंजिनिअर आहे, जिथं ही गाडी बनली त्याच देशात. वहिनी होत्या तोवर त्याचा फोन त्याच घ्यायच्या. बापाला काय सांगायचं ते तो आईला सांगे, आणि भाऊ आतल्या खोलीतून म्हणत, "त्याले म्हना, जपून राह्य." वहिनी गेल्या आणि फोन भाऊंच्या हातात आला. जेवला? हो. थंडी? आहे. ठेवू? ठेव. संपलं. पण गरारी तुटली आणि दोघांना वाचा फुटली! आता दर रविवारी तासभर चालतं. निखिल तिकडची भंगाराची शेडं पालथी घालतो आणि इकडं भाऊ सोफ्यावर मांडी घालून ऐकतात. त्यानं दोन गराऱ्या पाठवल्याही. दोन्ही बसल्या नाहीत, असं भाऊ म्हणाले.

गेल्या रविवारी आम्ही अकोल्याला गेलो. तिथल्या करीमचाचांचं जुन्या गाड्यांच्या भंगाराचं दुकान आहे. त्यांनी रुमालातला ऐवज नेहमीसारखा उलटापालटा केला, नेहमीसारखा चहा पाजला आणि म्हणाले, "देशमुखसाब, ये चीज तो हमारे अब्बा ने भी नहीं देखी."

"सबूर," भाऊ म्हणाले. गडी एकदम खुशीत.

परतताना भाऊंनी जवळचा रस्ता म्हणून एक गल्ली धरली. ती पुढं भिंतीला जाऊन थांबली. मागून त्याच गल्लीतल्या लग्नघराकडे निघालेली एक वरात आली आणि आमच्या डिकीला येऊन टेकली. नवरदेव घोड्यावर, बँडवाले घामाघूम, आणि मधे आम्ही. भाऊंनी खाली उतरून हात जोडले आणि सारी हकिगत सांगितली. मग वऱ्हाड मागं सरलं, बँडवाल्यांनी बाजे खाली ठेवले आणि पुढून गाडीला हात लावला. ढोलवाला तेवढा ताल धरून होता. त्या तालावर आम्ही त्या गल्लीतून उलटे बाहेर निघालो. नवरदेवाच्या आधी आमची वरात निघाली म्हणायची. त्या ढकलाढकलीत माझ्या कमरेत जी उसण भरली, ती अमरावतीपर्यंत उतरली नाही.

घरी पोचलो तेव्हा मला सरळ उभं राहता येईना. गाडी तशीच गल्लीत ठेवली आणि भाऊंच्या घरात शिरलो.

"आत कपाटात बाम हाय, घ्या," भाऊ म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

कपाटात बाम होता. बामामागं परदेशी तिकिटं लावलेली दोन खोकी होती. एक उघडं होतं, त्यात तेलकट फडक्यात गरारी. भाऊंचा रुमाल टेबलावरच पडला होता. मी तुटकी गरारी काढून तिच्याशेजारी ठेवली. दोन दात सोडले तर जुळ्या बहिणी! दुसऱ्या खोक्याची तर चिकटपट्टीही निघाली नव्हती. त्यातल्या गरारीचे दात बारीक आहेत, हे भाऊ फोनवर पोराला सांगत असताना मी समोर बसून चिवडा खात होतो.

भाऊ कपबशा घेऊन आले.

"भाऊ, हे काय होय?" माझं डोकंच फिरलं. "माही कंबर गेली न इथं!"

त्यांनी कपबशा खाली ठेवल्या.

"पह्यलीच बसत होती," ते हळूच म्हणाले. "मेस्त्री म्हने, उद्या लावून देतो. निखिलले सांगाव म्हनून मी फोन हातात घेतला. मंग मनात आलं, हे सांगतल्यावर पुढच्या रविवारी काय बोलाचं? त्याची माय असती तर तिनं सुचवलं असतं. मले नाई सुचत, मास्तर."

"मंग आज अकोल्याले कायले नेलं मले?"

"काहीतरी सांगाले पायजे न त्याले. कुठं पाह्यलं, कोन काय म्हनलं." ते बशीकडे पाहत राहिले. "तुमच्या कमरेचं मले समजते. पन आठवड्यात एकदा त्याचा आवाज नाई आयकला, तर माह्या घशाखाली घास उतरत नाई."

राग होता, तो कुठल्या कुठं गेला. तेवढ्यात फोन वाजला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि हात काही पुढं होईना. मग मीच उचलला.

"काका, तुम्ही आहात ते बरंच," निखिल म्हणाला. "खरं सांगा, ती दुसरी गरारी बसतच नाही का?"

उभ्या जन्मात मी वर्गात एवढं ठणकावून खोटं बोललो नसेन.

"नाई रे बावा. दात बारीक हायेत. मी सोता पाह्यले."

मग निखिल म्हणाला, "बरं झालं." आणि लगेच घाईघाईनं, "म्हणजे, बरं, बाबांना सांगा, मी पुढच्या रविवारी अजून एका शेडवर जाऊन येतो. लांब आहे जरा, पण जातो."

त्या 'बरं झालं'मध्ये पोराचा जीव भांड्यात पडलेला मला इथं ऐकू आला. बाप तसा लेक. मी फोन भाऊंच्या हातात दिला.

"हं, बोल," भाऊ सोफ्यावर मांडी घालत म्हणाले. "आज अकोल्यात काय गंमत झाली, आयक."

मी कमरेला बाम चोळला, दोन्ही खोकी परत आत ठेवली आणि बाहेर आलो. गाडी गल्लीत आडवी उभी होती. मी बायकोला हाक मारली, "या जरा, हात लावा."

ती पदर खोचत आली. "भेटली नाई अजून ते गरारी?"

"सबूर," मी म्हणालो. "चीज भेटते."