सम तारखेचा खून, विषम तारखेचा सांता

कुटुंब प्रेमावर टिकतं असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. कुटुंब नियमावर टिकतं. प्रेमाचा उपयोग नियम मोडल्यावर माफी मागताना होतो.

हे मी अधिकाराने बोलतो, कारण शबॉयगन या आमच्या बर्फाळ गावाच्या नगरपालिकेत हिवाळी पार्किंगचे नियम मीच लिहितो. सम तारखेला गाड्या रस्त्याच्या एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या, म्हणजे बर्फ काढणाऱ्या यंत्राला रोज अर्धा रस्ता मोकळा मिळतो. या नियमावर गावात कुणीही समाधानी नाही, पण सगळे सारखेच नाराज आहेत. प्रशासनात यालाच न्याय म्हणतात. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या घरी टीव्हीवरून तंटा उभा राहिला, तेव्हा मला वेगळा विचार करण्याची गरज भासली नाही.

तंट्यातला पहिला पक्ष माझे सासरे, ऑर्विल. जन्मभर त्यांनी डेअऱ्यांमधून दूध तपासलं आणि एकाही डेअरीवर विश्वास ठेवला नाही. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, ते एक बॅग, एक टोपी, स्वतःचा जुना टीव्ही आणि कृष्णधवल गुन्हेपटांच्या तीन पेट्या घेऊन. टीव्ही आम्ही गॅरेजमध्ये ठेवला. पेट्यांना हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. या चित्रपटांत कायम पाऊस पडत असतो, पुरुष घरातसुद्धा टोपी काढत नाहीत, आणि जी बाई सर्वात आधी रडते तिचाच खुनात हात असतो.

दुसरा पक्ष माझी मुलगी टिल्डा, वय आठ. तिच्या वाट्याला नाताळचे बालचित्रपट. त्यांत एक अस्वल हरवतं, एका बर्फाच्या माणसाचं नाक गळून पडतं, आणि नाताळवर विश्वास नसलेला एक महापौर असतो, त्याचा शेवटच्या पाच मिनिटांत विश्वास बसतो. (प्रत्यक्षातल्या महापौरांबाबत असा अनुभव नाही.)

मी निर्णय दिला: सम तारखेला खून, विषम तारखेला सांता. खुनाच्या दिवशी टिल्डाने खोलीबाहेर राहायचं. सांताच्या दिवशी मात्र सासऱ्यांनी बसलंच पाहिजे, म्हणजे मन मऊ राहतं. माझी बायको लोइस हिने काही पोटनियम जोडले. दिवे पूर्ण चालू हवेत, कारण डोळे. पॉपकॉर्न बिनमिठाचे, कारण सासऱ्यांचा रक्तदाब. आवाज इतकाच, की गोळी सुटली तरी कुत्रा उठू नये. त्यामुळे अंधाऱ्या गल्लीतले सगळे खून आमच्याकडे दवाखान्याच्या उजेडात आणि कुजबुजत होत. सासरे सहन करत. टिल्डा जिन्याच्या कठड्यातून डोकं घालून पाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कळलं ते असं. एका संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं.

"बाबा, आपल्या घराला धुराडं आहे?"

"नाही गं. घर तापवायला गॅसची भट्टी आहे ना आपल्याकडे."

"मग सांता कुठून येतो?"

"दारातून येत असेल."

"आई म्हणाली खिडकीतून." तिने टेबलावरचा दिवा माझ्या तोंडाकडे वळवला. "सावकाश सांगा. मला घाई नाही."

मला घाम फुटला, हे कबूल करतो. लोइसची पाहणी सांगते की आठव्या वर्षी दहातली नऊ मुलं सांता मानतात, आणि ज्या घरात दहावं मूल असतं तिथे आजोबा राहायला आलेले असतात. (पाहणी एका घराची आहे.) तिने आपल्या वडिलांना सरळच सांगितलं.

"पपा, एकच पोर आहे माझी, आणि तिच्या लहानपणाचे दिवस किती राहिलेत? नाताळपर्यंत तिचा सांता गेला ना, तर तुम्ही आणि तुमचे ते खुनी, दोघांची रवानगी तळघरात."

"तळघरात?" सासरे म्हणाले. "तिथे दिवा तरी आहे का?"

"आहे एक. मिणमिणता."

"आणि तुम्ही लोक खाली येता का अधूनमधून?"

"त्या कुबट वासात कोण येतंय?"

"अरेरे," सासरे म्हणाले, आणि बराच वेळ खिन्नपणे खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस आतून हलला होता, एवढं मला कळलं.

अशात चोवीस तारीख आली. ती सम निघाली.

"नाताळच्या आदल्या संध्याकाळी खून?" लोइस म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

मी तिला समजावलं की आज नाताळला सूट दिली, तर उद्या शेजारची हिल्डगार्ड आपल्या ट्रकला मागेल. त्यामुळे त्या पवित्र संध्याकाळी, झाडाच्या रंगीत दिव्यांखाली, आमच्या बैठकीच्या खोलीत एक नाइट क्लबची गायिका आणि तिचे दोन भागीदार मारले गेले. टिल्डाला सणानिमित्त विशेष परवानगी होती. ती आजोबांना टेकून बसली होती. मध्येच दोघांचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. नाती अशीच घट्ट होतात, असं मी लोइसला म्हणालो.

मग रिवाजाप्रमाणे सांतासाठी बिस्किटं आणि दूध, आणि त्याच्या रेनडिअरसाठी गाजर ठेवलं गेलं. ती झोपल्यावर मी बिस्किटं खाल्ली, दूध प्यायलो आणि गाजर चावून ठेवलं. दरवर्षी मीच चावतो. रेनडिअरचे दात मला साधतात.

सकाळी टिल्डाने भेटवस्तूंना हातही लावला नाही. तिने ताटलीतला चुरा भिंगातून पाहिला, पेला हुंगला, गाजर उलटंपालटं केलं. मग सिंकखालच्या कपाटातून चमकीच्या कागदाची गुंडाळी काढली आणि भेटवस्तूंच्या कागदाशेजारी धरली. दोन्ही कागद एकच होते.

"कुणी घराबाहेर जायचं नाही," ती म्हणाली.

लोइस रडायला लागली. टिल्डाने तिच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. सगळं संपलं असं मला वाटलं. तेवढ्यात सासरे उठले. त्यांनी टोपी घातली.

"त्यांना सोड, पोरी. मी केलं सगळं."

मग त्यांनी कबुलीजबाब दिला. सांता आला होता. पण तो येण्याआधीच त्यांनी त्याची बिस्किटं फस्त केली होती. दूधही तेच प्यायले. बिचारा उपाशी गेला. शिवाय जाताना त्याच्या पिशवीतली कागदाची गुंडाळी यांनी लांबवून सिंकखाली दडवली.

"आणि गाजर?"

"तेही मीच चावलं."

सासऱ्यांची कवळी आहे. त्यांना उकडलेलं गाजरही किसून लागतं. पण पुरावा बारकाईने तपासणाऱ्या माझ्या मुलीने या मुद्द्यावर एकही प्रश्न विचारला नाही, आणि आम्ही तर मुळीच नाही. सांता वाचला होता. लोइसने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

"शिक्षा तळघर," टिल्डा म्हणाली. "टीव्हीसकट. म्हणजे परत बिस्किटांकडे लक्ष जाणार नाही."

"अगं, आजोबा आहेत ते," लोइस म्हणाली. "जाऊ दे ना या वेळी."

"आज सोडलं तर पुढच्या वर्षी सांता येईल का, आई?"

पहारा देण्याची जबाबदारी तिने स्वतःहून घेतली. गॅरेजमधला टीव्ही मी स्वतः खाली नेला, तिन्ही पेट्याही नेल्या. सासरे मान खाली घालून मागून आले. त्यांच्या बगलेत मिठाची बरणी होती.

तेव्हापासून आमच्या घरात पूर्ण शांतता आहे. बैठकीतल्या टीव्हीवरून आता कुणी भांडत नाही. विषम तारखेला मी आणि लोइस त्या हरवलेल्या अस्वलाचा चित्रपट बघतो. ते सापडलं की लोइस रडते. सोफा दोघांना जरा मोठा होतो आणि मला कधीकधी एकटं वाटतं, पण चांगल्या नियमाची एवढी किंमत द्यावी लागते.

आमच्याकडे भट्टीची गरम हवा जमिनीतल्या जाळीतून वर येते, आणि तिच्याबरोबर तळघरातले आवाज. परवा अस्वल सापडायच्या बेतात असताना ऐकू आलं:

"आजोबा, मला वाटलं बाबा गाजरावर पकडणार आपल्याला."

"तुझा बाप? छट्. तो तारखा बघतो, दात नाही."

"आणि आईला कळलं तर?"

"कळू नकोस देऊ. अजून एखादं वर्ष विश्वास ठेवू दे दोघांना. हे वय पुन्हा येत नाही."

खाली चित्रपट चालू असणार. त्यातलेच संवाद हे. मी जाळीवर गालिचा सरकवला.

वाचकहो, तुम्ही आत्ता हसलात, ते मी समजू शकतो. तुमच्या घरचा कारभार तुमच्या शिस्तीने चालतो, पोरं तुमचं ऐकतात आणि म्हातारी माणसं समाधानी आहेत. परवाच तुम्ही पाहुण्यांना तसं सांगत होतात. तेव्हा तुमची पोरं आणि तुमचे वडील शेजारीच बसले होते, आणि त्यांच्यापैकी कुणीही हसलं नाही.