चष्मेवाल्यांची खोटी उत्तरं

कुठल्याशा दुकानातून गिऱ्हाइकांची सगळी माहिती चोरीला गेल्याचं ऐकलं आणि चष्मेवाल्यांच्या जिवाला घोर लागला. तसा माणूस नाकासमोर चालणारा; पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की हात धुऊन तिच्यामागे लागणारा. त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरला जबरदस्त पासवर्ड घातला. तयार चष्म्यांच्या पाकिटांवरची नावं खोडून गुप्त आकडे टाकले. कोणता आकडा कोणाचा, ते फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. पासवर्ड विसरल्यास विचारायच्या प्रश्नांना तर त्यांनी मुद्दाम खोटी उत्तरं दिली. खरी काय, कोणीही ओळखेल.

सोमवारी शाळेच्या बसचे ड्रायव्हर आले. जुना चष्मा फुटलेला आणि शाळा सुटायची वेळ होत आलेली. चष्मेवाल्यांनी ऐटीत पासवर्ड टाकला. चुकला. जरा कमी ऐटीत पुन्हा टाकला. तोही चुकला.

"माझं नाव सांगतो ना," ड्रायव्हर म्हणाले.

"उपयोग नाही. ते गुप्त आहे."

"माझ्यापासून?"

चष्मेवाल्यांनी एक पाकीट उघडून चष्मा पुढे केला.

"यातून तुम्ही दोन दिसताय."

"हा बघा."

"आता एकही नाही."

शेवटी कॉम्प्युटरनेच प्रश्न विचारला: पहिलं बक्षीस कशात मिळालं? आपण काय थाप मारली होती, ते चष्मेवाल्यांना काही केल्या आठवेना. हात पाकिटांत अडकलेले, म्हणून त्यांनी स्पीकरवर बायकोला फोन लावला आणि प्रश्न वाचून दाखवला.

"पोहण्यात," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"चारचौघांत तेच सांगता. पाण्यात उतरलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही."

उत्तर बरोबर निघालं.

"आवडती भाजी?"

"कारलं. माझ्या आईपुढे मागून घेता आणि घरी केलं की भूक नसते."

तेही बरोबर. तिसरा प्रश्न चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात वाचला आणि स्पीकर बंद करायला धडपडले. पण ड्रायव्हरनी डोळे बारीक करून तो मोठ्याने वाचलाच, "पहिलं प्रेम कोण?"



"माझं नाव घाला," बायको म्हणाली. "उघडेल."

कुलूप उघडलं. ड्रायव्हर आपला चष्मा डोळ्यांवर चढवून, कुणाकडेही न बघता, बसकडे धावले.

चष्मेवाल्यांनी त्याच दुपारी सगळी उत्तरं बदलली. या वेळी खरी लिहिली. ती कोणालाच ओळखता आली नसती. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र त्यांनी आधी उठून दुकानाचं दार लावून घेतलं.