हर्षलच्या बापाचा फोटो

तुमसरच्या सिंधुताईंना मुलगा पसंत पडला होता. आता त्यांना मुलाचा बाप पाहायचा होता.

"पोरगा काय, आज चांगलाच दिसते," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "पन पोट्टे चाळिशीनंतर बापावर जातात. म्हनून मले बाप पाहाचा हाय. फोटो धाडा. मोबाइलवर नाही, कागदावर. हातात धरून पाहा लागते."

गुडघ्यांमुळे त्यांना मुलाच्या घरी भिलाईपर्यंत येणं शक्य नव्हतं आणि व्हिडिओ कॉलवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यात माणूस हलतो, आणि हलणारा माणूस काहीही लपवू शकतो, असं त्यांचं मत होतं. त्यांची नात समृद्धी रायपूरच्या ज्या बँकेत होती, तिथेच कापगत्यांचा हर्षल होता. दोघांचं आपसात जमलेलं होतं, दोन्हीकडच्या आईबापांना मान्य होतं. पण तुमसरच्या घरात शेवटचा शब्द सिंधुताईंचा. शिवाय दुसऱ्या एका स्थळाच्या बापाचा फोटो त्यांच्याकडे आधीच येऊन पडला होता. शाळामास्तर होता, आणि फोटोत हसत होता.

हर्षलचे वडील देवानंद कापगते फोटोत हसत नव्हते. वास्तविक त्यांच्याइतका मवाळ माणूस कारखान्याच्या वसाहतीतल्या अख्ख्या सेक्टरमध्ये शोधून सापडला नसता. उभी नोकरी पोलादाच्या भट्टीसमोर काढून ते फोरमन म्हणून रिटायर झाले, पण हाताखालच्या कुणाला त्यांनी अरे म्हटलं नाही. भाजीवाल्याने सडका टोमॅटो टाकला तर ते तो पिशवीत तळाशी ढकलत, म्हणजे भाजीवाल्याला ओशाळल्यासारखं व्हायला नको. मात्र फोटोत हा माणूस राहत नसे. लग्नाच्या अल्बममध्ये ते वसुंधराबाईंच्या शेजारी अशा चेहऱ्याने उभे होते, जणू बाईंनी काहीतरी चोरलंय आणि ते त्यांना आत्ताच कळलंय. गेटपासवरचा फोटो पाहून नवे शिपाई सलाम ठोकत. निरोप समारंभाच्या फोटोत त्यांना शाल पांघरणारा साहेबच घाबरलेला दिसत होता.

मार्केटातल्या स्टुडिओत जाऊन झालं. छत्रीवाले दिवे लागले, आणि जो फोटो आला तो वसुंधराबाईंनी टेबलावर पालथा ठेवला.

"पैसे देऊन इतकं भेसूर दिसाचं, त घरीच दिसा न," त्या म्हणाल्या.

"मी काही मुद्दाम करतो का," देवानंदराव म्हणाले.

"मुद्दाम नाही करत, हेच त दुखनं हाय."

तेव्हा धाकटी अनुजा मध्ये पडली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि फोनवर पाहून पाहून तिने दिव्यांचं शास्त्र आत्मसात केलं होतं. "आई, सब लाइट का खेल है. घरीच होते. एक खिडकी, एक बल्ब, पांढरी चादर अन् थर्माकोल. बाबाचा चेहरा एकदम सॉफ्ट निघेल, देखना."

रविवार ठरला. वसुंधराबाईंचे मामेभाऊ चंपतराव शेजारच्या भिलाई-३ला रेल्वेत गार्ड होते. त्या रात्री त्यांची गाडी तुमसर रोड स्टेशनवरून जाणार होती. फोटो हातोहात पोचवायचं त्यांनी कबूल केलं आणि, फोटो निघाल्याशिवाय नेता कसा येईल, म्हणून सकाळी नाश्त्यालाच येऊन बसले.

पहिली अडचण खिडकीची. समोरच्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यात कूलर. दसरा उलटला तरी काढलेला नव्हता. देवानंदराव आणि चंपतरावांनी तो उचलला. टाकीत उन्हाळ्याचं उरलेलं पाणी असेल हे दोघांनाही माहीत होतं. पण ते दुसऱ्याला माहीत असेल असं प्रत्येकाने धरलं. पाणी सतरंजीवर गेलं, सतरंजी अंगणात गेली, आणि वसुंधराबाई दोघांच्याही हातात पुसायचं फडकं देऊन गेल्या.

उजेड मात्र सुरेख आला. अनुजाने बापाला खिडकीशेजारी खुर्चीवर बसवलं, मागे चादर टांगली, दुसऱ्या बाजूने थर्माकोल धरायला आईला उभं केलं. फोटो काढला आणि पाहिला. खिडकीकडचा अर्धा चेहरा कुणाला तरी सस्पेंड करत होता.

"उजेड कमी पडून राहिला," चंपतराव म्हणाले.

तेव्हा बल्ब आला. स्टुलावर स्टूल ठेवून त्यावर टेबललँप, समोर बटर पेपर. चेहरा आणखी आवळला. मग थर्माकोलला स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची चमकी चिकटवली. तिचा झोत तोंडावर पडताच देवानंदरावांनी डावा डोळा मिटला, जबडा दाबला आणि मान मागे घेतली. आता ते सस्पेंड करत नव्हते. थेट हाकलून देत होते.

अनुजाने फोन खाली ठेवला. "बाबा, लाइट आला का तुमी डोया कावून बंद करता?"

"बंद नाही करत, बेटा. पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले?"

"किती तापला ते." त्यांनी बल्बकडे पुन्हा तसंच पाहिलं. "उघड्या डोयानं भट्टीत पाहाचं नसते. पाहाच लागलं त असंच पाहा लागते." आणि थोडं थांबून म्हणाले, "हा कच्चा हाय अजून."

वसुंधराबाईंनी थर्माकोल हळूच खाली टेकवला. लग्नाच्या मांडवातही हॅलोजन होता, हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवलं. ज्या चेहऱ्याचा अर्थ त्या पहिली काही वर्षं लावत बसल्या होत्या, तो हॅलोजनसाठी होता.

"मंग भट्टीपुढं दिवसभर असंच तोंड करून राहत होते का, भाऊजी?" चंपतरावांनी विचारलं.

"नाही न. तिथं निळी काच राहे."

काच घरातच होती, लाकडी मुठीची, कपाटात. देवानंदरावांनी ती डोळ्यांसमोर धरली, आणि सगळ्यांच्या देखत त्यांचा चेहरा सैल झाला. कपाळ उतरलं, जबडा सुटला. काचेच्या खाली जो काही चेहरा दिसत होता तो फारच चांगल्या माणसाचा होता. फक्त डोळे काचेमागे होते, आणि सिंधुताई डोळ्यांशिवाय चेहरा घेणार नव्हत्या.

अनुजा हुशार. काच डोळ्यांवर नको, दिव्यावर पाहिजे, हे तिच्या ध्यानात आलं. ती सायकलवर जाऊन दुर्गापूजेच्या मांडवातला उरलेला निळा जिलेटिन कागद घेऊन आली. तो लँपवर बांधला, खिडकीलाही लावला. देवानंदराव दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी, निवांत पाहू लागले. फोटो निघाला. शांत, सोज्वळ, डोळे पूर्ण उघडे, आणि आपादमस्तक निळा.

"देवाचा वाटते," वसुंधराबाई म्हणाल्या.

"बुडालेल्या मानसाचा वाटते," चंपतराव म्हणाले.

"टेन्शन मत लो. ब्लॅक अँड व्हाइट करून टाकते," असं म्हणून अनुजाने बोट फिरवलं. निळा गेला. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात एक धीरगंभीर, क्षमाशील गृहस्थ आला, ज्याच्या घरात कुणालाही मुलगी द्यावीशी वाटली असती. हर्षलला रायपूरला पाठवला. त्याचं उत्तर आलं: "ये कौन है?" यापेक्षा मोठी पावती नव्हती.

चंपतराव फोन हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. "फोटो झकास हाय," ते म्हणाले. "निस्ता हार कमी हाय."

"चंपत," वसुंधराबाई म्हणाल्या.

"ताई, मी नाही म्हनत. पन म्हातारी म्हनंन. या वयाचा मानूस, काया-पांढरा फोटो, इतका शांत. तिले वाटंन का पोराले बापच नाही, अन् तुमी लपवून राहिले."

देवानंदरावांनी हा मुद्दा स्वतःचा नसल्यासारखा शांतपणे ऐकला. निर्णय नेहमीप्रमाणे वसुंधराबाईंनी दिला. "हातात चहा देते. चहा पेनारा मानूस मेला असं कोनी म्हनत नाही."

"अन् मागून एक बल्ब लावला त वाफ दिसंन," अनुजा म्हणाली. "वाफ म्हनजे एकदम जिंदा."

हे बोलायला सोपं होतं. वाफ कपावर जेवढा वेळ टिकते, तेवढ्यात मागचा बल्ब खुर्चीआड लपत नव्हता. आणि बल्ब लपेपर्यंत चहा निवत होता. निवलेला कप आत जाई, नवा उकळता येई. चंपतराव निवलेले सगळे कप इमानाने पीत होते. देवानंदरावांना मात्र सकाळपासून एकही घोट मिळाला नव्हता, कारण कप भरलेलाच दिसायला हवा होता. एरवी त्यांचा दहाचा चहा कधी चुकत नसे. आता जेवायची वेळ टळत आली होती. आल्याचा वास नाकात जात होता. दोनदा कप ओठांपाशी गेला आणि दोनदा दारातून वसुंधराबाईंचा आवाज आला, "पेऊ नका."

शेवटचा कप आला. दूध संपल्याची सूचना त्याच्याबरोबरच आली. वाफ सरळ वर चढली, मागच्या बल्बने ती उजळली. देवानंदरावांनी कप उचलला, अर्ध्यात थांबवला आणि डोळे वर करून दाराकडे पाहिलं. फक्त पाहिलं. अनुजाने बटण दाबलं.

त्या रात्री तो फोटो लॅबमध्ये छापून, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून, चंपतरावांच्या गार्डाच्या पेटीतून तुमसर रोडला गेला.

दुसऱ्या दिवशी घरात फोन वाजला की सगळे एकदम उठत आणि पुन्हा बसत. देवानंदरावांना राहून राहून वाटत होतं, की पोराचा संसार आपल्या एका डोळ्यावर येऊन अडकला. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आरशासमोर दोनदा उभे राहिले तेवढंच. संध्याकाळी तुमसरचा फोन आला. वसुंधराबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"कोन, पोराची माय का?" सिंधुताईंचा आवाज आला. "फोटो भेटला. सकायपासून पाहून राहिली."

"हाव, आजी."

"काया-पांढरा कावून काढला ते तुमचं तुमाले मालूम. पन मानूस जिता हाय, वाफ दिसते."

चंपतरावांची दूरदृष्टी सगळ्यांना मनातल्या मनात मान्य झाली.

"आता मले जे दिसलं ते सांगते, वाईट वाटून घेऊ नोका," सिंधुताई म्हणाल्या. "चहा गरम हाय. कप हातात हाय. मानसाले प्याचा हाय, हेबी दिसते. पन थो पेऊन नाही राहिला. थो दाराकडं पाहून कोनाले तरी इचारून राहिला, का पेऊ का म्हनून."

वसुंधराबाईंनी पदर सारखा केला. देवानंदराव छताकडे पाहू लागले. अनुजाने ओठ दाबून धरले.

"आजी, तसं नाही जी, ते आमी फोटोसाठी..."

"ऐका न. थो दुसऱ्या पोराचा बाप, मास्तर, फोटोत हासून राहिला. माहा मालकबी फोटोत लय हासे. घरी आला का चपला कुठं हायेत यावरून थाळी फेके. फोटोत हासनाऱ्याचं मले काही सांगू नोका. हा तुमचा मानूस, याच्या हातात त्याच्या हक्काचा चहा हाय, तरी इचारून राहिला. पोरगा याच्यावर गेला त माह्या नातीचं भागलं. पक्कं समजा. तारीख तुमी काढा."

अनुजाने तिथल्या तिथे हर्षलला कळवून टाकलं. देवानंदरावांनी हळूच श्वास सोडला. इतक्या दिव्यांनी, चादरींनी आणि चमकीने जे साधायचं होतं ते साधलं होतं. फक्त नेमकं काय साधलं, हे त्यांना तपासून पाहायचं नव्हतं.

"अजून एक," फोनवरून आवाज आला. "आता तुमचा फोटो पाहिजे."

"माहा?" वसुंधराबाईंनी विचारलं. "माहा कायले, आजी?"

"तपासाले नाही. समृद्धीले दाखवाले. एवढा भट्टीवरचा मानूस ज्या बाईनं असा निववला, तिचा चेहरा कसा असते ते पोरीनं पाहिलं पाहिजे. चांगला दरारा दिसू द्या. मी फ्रेम करून ठेवीन."

चंपतरावांची पुढची गाडी दुसऱ्याच दिवशी होती. चादर अजून टांगलेली होती, स्टूल स्टुलावर होतं. निळा कागद काढला, कारण वसुंधराबाईंना कोणत्याही उजेडाची भीती नव्हती. त्या जरीकाठाची साडी नेसून खुर्चीवर येऊन बसल्या, आणि थर्माकोल धरायला या वेळी देवानंदराव उभे राहिले.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. दिवा लागताच वसुंधराबाई लाजल्या. मान खाली गेली, ओठांवर हसू आलं, हाताची बोटं एकमेकांत गुंतली. पडद्यावर एक गरीब, भिडस्त बाई दिसत होती, जिने आयुष्यात कुणाला मोठ्याने हाकही मारली नसेल.

"आई, थोडं कडक," अनुजा म्हणाली.

"कडक कसं दिसाचं? मी त अशीच हावो."

"आई, प्लीज. रोज जैसी रहती हो, वैसी."

वसुंधराबाईंनी प्रयत्न केला. भुवया उंचावल्या, मग स्वतःच्याच प्रयत्नाचं हसू येऊन तोंडाला पदर लावला. दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, खालून लावून पाहिला. खालून तर त्या अधिकच सात्त्विक दिसल्या. चंपतरावांनी घड्याळ पाहिलं. अनुजाने फोन खाली केला आणि बापाकडे पाहिलं, की आता तुम्हीच काय ते करा.

देवानंदरावांनी थर्माकोल नीट पकडला. घसा साफ केला.

"मी का म्हनतो," ते सावकाश म्हणाले, "आता रिटायर झालो, घरीच राहतो. त उद्या सकायी तुह्या सैपाकघरातले समदे डबे खाली काढाचे, अन् मी सांगतो तसे आकारानं लावाचे. अन् फोडनीले तेल किती टाकाचं, तेबी एकदा आपन ठरवून टाकू."

वसुंधराबाईंची मान वर आली. हसू कुठे गेलं ते कळलं नाही. चेहऱ्याची एकेक रेघ आपापल्या जागी जाऊन बसली, आणि डोळे थर्माकोलच्या दिशेने वळले.

अनुजाने बटण दाबलं. एकाच फोटोत काम झालं, फक्त उजव्या बाजूला उजेड थोडा कमी पडला होता. देवानंदरावांनी थर्माकोल तोवर स्वतःच्या तोंडासमोर धरला होता.